सोळा खुरदाद

आबांना तारीख विचारायची नसते, हे मला गावात कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. बदली होऊन येऊन दोन दिवस झाले होते. सकाळी भाड्याच्या खोलीच्या ओसरीवर बसून मी हजेरीपट भरत होतो. समोरच्या ओट्यावर काळी टोपी घातलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. मी सहज विचारलं, "काका, आज तारीख किती?"

त्यांनी तंबाखूवरची थाप थांबवली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"कोणत्या हिशोबानं?"

"म्हणजे?"

"म्हंजे सरकारच्या, देवाच्या, का जुन्या सरकारच्या? रेडिओची आणखी येगळी हाय. भारतीय सौर म्हणून सकाळी सांगतो तो. पण ती तो आपल्या मनाचीच सांगतो, कोणी ऐकत न्हाई."

मी म्हणालो, "तुम्हाला जी सोयीची असेल ती." हे मी बोलायला नको होतं. पुढचा पाऊण तास मी ओसरीवर आणि चौथीचा वर्ग मैदानात.

हे किशनराव. बोरीहून जिंतूरकडे जाताना आमचं ते खेडं लागतं, आणि त्या खेड्यात किशनराव म्हटलं तर कुणी घर दाखवणार नाही. फसलीआबा म्हटलं की शेंबडं पोरही बोट धरून नेईल. निजामाचं राज्य जाऊन चार दशकं होत आली होती, पण आबांच्या घरात त्याचं फसली साल अजून भाडं न देता राहत होतं. रोज सकाळी दात घासून झाले की आबा दाराच्या काळ्या फळीवर खडूनं तीन ओळी लिहायचे. वर फसली, मधे इंग्रजी, खाली तिथी. शाळेचा फळा एखाद्या दिवशी कोरा राहील, आबांचं दार कधी राहिलं नाही.

मी मानवतचा. बाजारपेठेत वाढलेला. आमच्याकडे तारीख म्हणजे दुकानातून फुकट मिळालेलं, वर लक्ष्मीचं चित्र असलेलं कॅलेंडर. या माणसाकडून मला पहिल्यांदा कळलं की तारीखसुद्धा कुणाच्या तरी हुकमानं चालते.

फसल म्हणजे पीक. आबा सांगायचे, कुण्या मोगल बादशहाच्या ध्यानात आलं की चंद्राच्या हिजरी सालानं शेतसारा मागायला गेलं की कधी कुणब्याची ज्वारी पोटऱ्यातच असते. मग त्यानं पिकाच्या चालीनं चालणारं साल काढलं. पुढं हैदराबादच्या दरबारानं त्याला इराणातले महिने जोडले. आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, पुढं खुरदाद, तीर, मेहर, अशी बारा नावं आबा डोळे मिटून एका दमात म्हणायचे, आणि वर्ष सुरू व्हायचं आजूरला, म्हणजे ऑक्टोबरात.

"बघा मास्तर," ते म्हणायचे, "पोरगं समजा धनगराचं. जलम हिंदूच्या तिथीला. नोंद मुसलमान राजाच्या दफ्तरात. आन महिन्याचं नाव आगीची पूजा करणाऱ्या पारशाचं. इतके धर्म एका तारखेत गुण्यागोविंदानं राहायचे. आता एकच तारीख हाय तं तिच्यावरूनबी भांडायलेत."

शुक्रवारी आबा शेताकडे फिरकत नसत. निजामाच्या काळात सुट्टी जुम्म्याची असायची, ती त्यांनी सोडली नव्हती. कुणी डिवचायचं, "आबा, तुमी हिंदू ना?" तर म्हणायचे, "हिंदूच हाय. पण सुट्टीला कशाचा धर्म? ती अंगाला लागलेली असती." आणि रविवारी औत घेऊन शाळेसमोरून मुद्दाम जायचे, सरकारी सुट्टी असलेल्या मला बघून हसायला.

सुट्टी बदलली तेव्हाची त्यांची गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकली आणि वीसही वेळा हसलो. पोलीस अ‍ॅक्शननंतर हुकूम आला, शुक्रवारी शाळा, रविवारी सुट्टी. पहिल्या शुक्रवारी मास्तर शाळेत, पोरं घरी. पहिल्या रविवारी पोरं शाळेत, मास्तर घरी. पोरांनी कुलूप बघून तासभर वाट बघितली, आणि मग राज्य पुन्हा पालटलं असेल म्हणून आनंदानं चिंचा पाडायला गेली. तो घरी बसलेला मास्तर म्हणजे स्वतः किशनराव. कारण त्या वेळी ते शाळेत होते. हेडमास्तर मौलवीसाहेब आणि त्यांच्या हाताखाली पंचविशीचे, उर्दूतून मिडल पास झालेले किशनराव. मौलवीसाहेब पुढं हैदराबादकडे गेले. किशनराव वर्ष-दीड वर्ष टिकले, मग शाळा सोडून शेती करू लागले. का सोडली विचारलं की म्हणायचे, "मराठी अक्षर वाईट होतं." त्यांचं मराठी अक्षर मी दारावर रोज बघत होतो. मोत्याच्या ओळी होत्या.

मोहरमच्या सवाऱ्या निघाल्या की आबा माझ्या वर्गात घुसून भूगोलाचा तास घ्यायचे. मोहरम कधी उन्हाळ्यात, कधी दिवाळीच्या अंगाला का येतो? "त्यांच्यात धोंडा महिना न्हाई रे पोरांनो. आपल्या महिन्याला दर तीन सालाला धोंड्यानं वेसण घातलीय, म्हणून आपली दिवाळी थंडीतच बसती. मोहरम मोकळा हाय, सगळं रान हिंडतो." पोरांना हे माझ्या भूगोलापेक्षा जास्त कळायचं, आणि मला त्याचा थोडा रागही यायचा.

ती सगळी नामांतराची वर्षं. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही यावरून मराठवाडा पेटून उठलेला. सुरुवातीला तर कितीक गावांत दलितांची घरं जळाली होती, आणि मी आलो तेव्हाही हॉटेलात तो विषय निघाला की कपबशा जोरात आपटायच्या. एकदा असाच वाद चालला असताना आबा म्हणाले, "माझे बाराच्या बारा महिने एका हुकमात बदलले. कोणी एक मोर्चा काढला का?" सगळे हसले. आबा हसले नाहीत. "पण नाव मागणाऱ्या त्या पोरांचं म्हणणं खरं हाय. आपलं असं एक नाव असावं वाटतं माणसाला. नाव आन तारीख. दुसऱ्यानं लिवलेली न्हाई, आपली." कपबशी खाली ठेवून ते निघून गेले. म्हाताऱ्याचं नेहमीचंच म्हणून मी सोडून दिलं.

पण या सगळ्यापेक्षा मोठं खूळ वेगळंच होतं. वर्षातून पंधरा-वीस वेळा आबा धुतलेला सदरा घालून, फडक्यात गुळाचा खडा बांधून कुणाच्या तरी दारी जायचे. खेड्यात तेव्हा वाढदिवस लहान लेकरांचासुद्धा कुणी करत नव्हतं. आणि हे जायचे पन्नाशी उलटलेल्या बाप्यांच्या दारी. कुणी गोठ्यात शेण काढत असे, कुणी दाढी करत असे. आबा त्याच्या हातावर गूळ ठेवायचे आणि म्हणायचे, "आज पाच तीर. आज तू पंचावन्नचा झालास. छपन्नचा न्हाई. ध्यानात ठेव." आणि मागे न बघता परत.

ज्याला गूळ मिळाला तो आणि ज्याला नाही तो, दोघंही हसायचे. मी विचारलं, "आबा, यांनाच का? गावात म्हातारे आणखी आहेत की."

"हे माझे इद्यार्थी हायेत. मी शिकवलेले."

"मग एक वर्ष कमी का सांगता?"

"कमी न्हाई सांगत. बरोबर सांगतो," आबा म्हणाले, आणि विषय मोहरमकडे नेला.

पुढं त्या गुळाच्या यादीत माझंही नाव लागलं. माझी शाळेतली जन्मतारीख एक जून. आपल्याकडे निम्म्या मराठवाड्याचा जन्म एक जूनला झालेला आहे. पोर शाळेत घातलं की मास्तर त्याच्या दाताकडे बघून साल टाकायचे आणि जून महिना म्हणून एक जून. माझी आई मानवतहून चार दिवस राहायला आली, तर आबांनी तिला ओट्यावर बसवून तिची जबानीच घेतली. तवा गावात काय झालं होतं, गाय व्याली होती का, पंचमीचा झोका बांधला होता का? शेवटी त्यांनी निकाल दिला की मी नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा, आणि सरकार समजतं त्याहून सव्वा वर्षानं लहान. "नोकरीत हे कोणी धरणार न्हाई मास्तर. पण तुमाला ठावं असावं." त्या श्रावणात मी दाढी करत असताना हातावर गुळाचा खडा आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या खऱ्या दिवशी मला विचारलं होतं. मी हसलो, पण दिवसभर शाळेत उगाच बरं वाटत राहिलं.

आता मारोतीमामाबद्दल सांगायला हवं. मारोतीमामा आमच्या शाळेचा शिपाई. धनगराच्या घरातला, काटक, बोलायला कमी. शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. ती वाजवण्यात त्याचं जे कसब होतं ते मी कुठल्या शाळेत ऐकलं नाही. भरतानाची घंटा वेगळी, सुटतानाची वेगळी. सुटतानाच्या घंटेत तो शेवटी एक बारीक ठोका हळूच टाकायचा. का, तर म्हणे, "लेकरं पळताना पडू नयेत. जरा दमानं म्हणून." पोरं तरीही पडायचीच.

मारोतीमामा आबांच्या हातचा विद्यार्थी. दर सोळा खुरदादला, म्हणजे इंग्रजी वीस एप्रिलला, त्याला गूळ मिळायचा. आणि त्या वर्षांत मामाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. शाळेची नवी इमारत. तीन खोल्यांचं स्लॅबचं बांधकाम चाललं होतं. मिस्तरी पाणी मारायला विसरायचा, मामा सकाळ-संध्याकाळ घागरीनं भिंतींना पाणी मारायचा. घंटा कुठं टांगायची ती जागा त्यानं ठरवून ठेवली होती. व्हरांड्याच्या टोकाला, आवाज वेशीपर्यंत जाईल अशी. नव्या इमारतीची पहिली घंटा मी मारणार, हे तो मला, हेडसरांना, मिस्तरीला आणि शेळ्यांनाही सांगून चुकला होता. इमारत एक्क्याण्णवच्या जूनमध्ये उघडणार होती.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर कागद आला. मारोती शिपाई वयाची साठ वर्षं पूर्ण होत असल्यानं तीस एप्रिलला निवृत्त.

मामा कागद घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, हे चुकीचं हाय ना? आबा म्हणत्यात मी यंदा एकोणसाठचा होणार."

मी रजिस्टर काढलं. जन्म वीस एप्रिल, साल एकतीस. साठ बरोबर भरत होती. "आबांचं काय ऐकता मामा," असं मी म्हणणार होतो. पण त्या नोंदीचं अक्षर बघितलं आणि थांबलो. मोत्याच्या ओळी. रोज दारावर बघतो तेच अक्षर.

कागद घेऊन समोर गेलो. आबांनी वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मग आत जाऊन पेटीतून एक पिवळी पडलेली वही आणली. उर्दूत नावं आणि तारखा. एकोणतीस मुलं. "पालटाच्या सालात नवा साहेब आला," ते सांगू लागले, "म्हणाला, दोन दिवसांत रजिस्टर मराठीत करा, तारखा इंग्रजीत. जुनं बंबात घाला. बंबात घालायच्या आधी मी नावं उतरून घेतली." मग त्यांनी बोटं मोजून दाखवली. फसलीचं इंग्रजी साल काढायचं तर आजूर, दय, बहमन या पहिल्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे. त्यांच्यापुढं जानेवारी लागतो, इंग्रजी साल पालटतं, म्हणून उरलेल्या नऊ महिन्यांना पाचशे एक्क्याण्णव. रजिस्टरात सगळ्यांनाच पाचशे नव्वद मिळवले होते. बावीस मुलं एका रेघेत वर्षानं मोठी झाली होती.

"मारोती तेराशे एक्केचाळीसचा. बत्तीस साल निघतं. मी एकतीस लिवलं."

गुळाचं कोडं मला त्या क्षणी सुटलं, आणि मी आजवर किती हसलो होतो ते आठवून ओशाळलो.

मी म्हणालो, "वहीवर कुणी विश्वास ठेवणार नाही आबा." तर त्यांनी जुनी पंचांगं काढली. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "याचं नाव मारोती कामून? हनुमान जयंतीला जलमला म्हणून. सारं गाव साक्षी हाय. आता बघा. एकतीस साली हनुमान जयंती एप्रिलच्या दोन तारखेला झाली. वीसला न्हाई. बत्तीस साली बरोबर वीसला. कागद खरा धरला तं हा हनुमान जयंतीनंतर अठरा दिसांनी जलमला. मग याचं नाव मारोती कोणी ठेवलं असतं?"

ते ऐकून मी टाळीच द्यायचा बाकी होतो. मोगलाचं साल, इराणचा महिना, इंग्रजाची तारीख आणि हनुमानाची तिथी, चारही एका शिपायाच्या बाजूनं उभे राहिले होते.

आम्ही तिघं एस.टी.नं परभणीला गेलो. मामानं लग्नातला फेटा बांधला होता. आबांनी पंचांगं पिशवीत घालून पिशवी मांडीवर धरली होती. कचेरीतले साहेब तरुण होते, वागायला चांगले होते. त्यांनी आबांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. हनुमान जयंतीचा मुद्दा आला तेव्हा तर ते खुर्चीत पुढं सरकले आणि शेजारच्या कारकुनालाही बोलावून घेतलं. आबांनी त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. मामाच्या चेहऱ्यावर मला नव्या व्हरांड्यातली घंटा दिसत होती.

मग साहेबांनी अगदी सहज विचारलं, "पण काका, तुम्ही इतके जाणकार. इतकी साधी चूक तुमच्या हातून झाली कशी?"

घाईत झाली, असं आबा म्हणू शकले असते. मी मनात म्हणतही होतो, म्हणा आबा, घाईत झाली. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चूक न्हाई झाली साहेब. मला ठावं होतं. तवाचे साहेब म्हणाले, नव्वद मिळवा. मी म्हणणार होतो, जी, एक्क्याण्णव. पण तवा उर्दू येणाऱ्या माणसाकडं लोक येगळ्या नजरेनं बघायचे. लोकांनी उर्दूचे कागद परसात पुरले होते. फसलीचं लय ठावं हाय म्हणलं असतं तं हा जुन्या राज्याचा माणूस म्हणून माझं नाव लागलं असतं. मी भ्यालो. नव्वद म्हणले, नव्वद लिवले. बावीस लेकरांचं एकएक वरीस मी माझ्या भ्यापायी दिलं."

मारोतीमामा आबांकडे बघत होता. इतकी वर्षं त्याच्या हातावर गूळ ठेवणारा माणूस त्याला ओळखू येत नव्हता जणू.

साहेबांनी नियम वाचून दाखवला. नोकरीत लागल्यावर ठराविक मुदतीत जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायची असते. मामाची ती मुदत केव्हाच टळली होती. "तुमचं म्हणणं मला पटलंय काका," साहेब म्हणाले, "पण मला काही करता येत नाही." ते खरंच वाईट वाटून बोलत होते.

परतीच्या गाडीत मामा आमच्या बाकावर बसला नाही. मागं जाऊन खिडकीशी बसला. गाव येईपर्यंत आबा पिशवी मांडीवर धरून समोर बघत होते. उतरताना मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, त्यांनी दिली नाही.

त्या एप्रिलात सोळा खुरदाद आला आणि गेला. आबा गूळ घेऊन निघाले नाहीत. तीस तारखेला आम्ही मामाला नारळ-शाल दिली. त्यानं शेवटची घंटा मारली, आणि नेहमीचा तो बारीक ठोका त्या दिवशी टाकला नाही. जूनमध्ये नवी इमारत उघडली. घंटा मामानं ठरवलेल्या जागीच टांगली, पण मारली नव्या शिपायानं. दणादण, पंगतीला ताट बडवावं तशी. मामा रस्त्यापलीकडे शेळ्या घेऊन उभा होता. मी हाक मारली, त्यानं न ऐकल्यासारखं केलं.

तेव्हापासून आबांचं दार कोरं राहू लागलं. फळीवर खडू नाही. कुणाच्या दारी गूळ नाही. गाव सुरुवातीला चेष्टा करायचं, मग गावालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. ज्या बाप्यांनी वीस-वीस वर्षं गूळ हसत खाल्ला होता ते मला गुपचूप विचारू लागले, "गुरुजी, बारा मेहर कधी येतो ओ?" मला सांगता यायचं नाही. श्रावणात माझाही दिवस आला. दाढी करताना मी दोनदा दाराकडे बघितलं. कुणी आलं नाही. शेवटी मीच ओट्यावर गेलो आणि मुद्दाम विचारलं, "आबा, आज तारीख काय?"

"तुमच्याकडं कॅलेंडर हाय की मास्तर," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. कोणत्या हिशोबानं, एवढं तरी विचारा, असं म्हणावंसं वाटलं.

ब्याण्णव साली हनुमान जयंती शुक्रवारी आली, आणि तोच गुड फ्रायडे. म्हणजे मारुतीचा उत्सव, ख्रिस्ती लोकांमुळे शाळेला सुट्टी आणि आबांचा जुम्मा, तिन्ही एका दिवशी. असं काही आबांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. पण दार कोरंच होतं. पहाटे मारुतीच्या पारावर जन्म झाला, सुंठवडा वाटला, उन्हं वर आली. मी ओसरीवर बसलो होतो. समोर आबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

गल्लीच्या तोंडाशी मारोतीमामा दिसला. धुतलेला सदरा, हातात द्रोण. आबा त्याला बघून उठले आणि आत निघाले.

"आबा, बसा," मामा म्हणाला. वर्षभरात त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

आबा उभेच राहिले. मामानं त्यांच्या हातावर चिमूटभर सुंठवडा ठेवला. "आज मी साठीचा झालो. एकसष्टचा न्हाई. तुमी आला न्हाईत म्हणून मीच सांगाया आलो."

आबा हात मागं घ्यायला गेले. सुंठवडा ओट्यावर सांडला. "मारोती, तुझी घंटा..."

"गेली ती गेली. लय राग आला होता. अजूनबी हाय थोडा, कामून खोटं बोलू?" मामा ओट्यावर बसला. "पण आबा, ते दिस मीबी बघितलेत. माझ्या बापानं उर्दूच्या पावत्या लेंड्यांच्या खतात गाडल्या होत्या. मला म्हणला, कोणी इचारलं तं तुला अलीफ-बे येत न्हाई म्हण. मी म्हणलो. म्हंजे मीबी खोटं बोललोच की."

आबाही शेजारी टेकले. मी हजेरीपट उलटा धरून वाचत होतो.

मग मामानं विचारलं, "आबा, इतक्यांच्या दारी गूळ नेलात. तुमची तारीख कोणती?"

मला वाटलं, आता ते विचारणार, कोणत्या हिशोबानं. त्यांनी विचारलं नाही.

"मला न्हाई," आबा म्हणाले. "शाळेत एक आजूर लिवलीय. मौलवीसाहेबांनी सालाचा पहिला दिस म्हणून टाकली, मास्तरांच्या एक जूनसारखी. माझी माय मला जलम देतानाच गेली. माय गेली ते घर कोणत्या लेकराचा दिस ध्यानात ठेवील?"

सहा वर्षं या माणसासमोर राहून मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. गावात दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं. माझ्या आईकडून माझा दिवस काढून घेताना त्यांना काय वाटलं असेल, हे माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं.

मारोतीमामानं जरा विचार केला. "मला दोन हायेत. एक हनुमान जयंती, एक सोळा खुरदाद. यंदा तं दोन्हीत तीन दिसांचं अंतर हाय. मला एकट्याला दोन कशाला? तुमी एक ठेवा."

"अरे, असं कुठं..."

"हनुमान जयंती तुमी घ्या. पहाटंच पाळणा हालतो, सारं गाव येतं, तुमाला गूळ वाटायचं कामबी न्हाई. मला खुरदादच बरा. तो मला तुमीच शिकवलाय."

आबांनी टोपी काढून तिनंच तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग फळीमागं हात घालून खडू शोधला. तो मिळाला नाही, तसा मी धावत जाऊन माझ्या खोलीतून आणला. वर्षभरानं आबांनी पुन्हा खडू धरला. दारावर तीन ओळी लिहिल्या, आणि खाली चौथी ओळ लिहिली, किशन.

सोमवारी सकाळी मी शाळेला निघालो तेव्हा आबा पुढं चालले होते. धुतलेला सदरा, हातात फडकं. मारोतीमामा दारात शेळीला धरून उभा होता, जणू शेळीसाठीच उभा आहे. आबांनी गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला.

"आज सोळा खुरदाद," ते म्हणाले. "आज तू साठचा झालास."

"हौ," मामा म्हणाला, आणि गूळ अर्धा मोडून त्यांना दिला.